अँटेनाचा जमाखर्च



पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की आपल्याकडची तरुण मुले एक प्रश्न हमखास विचारतात. नारायणगावावरून जाणारा सरळ मार्ग सोडून गाडी शिर्डीकडून वळवण्याचे घाटते आहे, कारण खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला गाडीचा त्रास होईल. आता या दुर्बिणीच्या ताटल्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत आणि गाडी धावणार जमिनीवरून. मग त्रास कसा? हा बहाणा तर नाही ना?

प्रश्न रास्त आहे. नाशिक, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण या पट्ट्यातल्या हजारो घरांचा रोजगार त्यात गुंतला आहे. म्हणून रागाने किंवा श्रद्धेने उत्तर देण्यापेक्षा अँटेना ही वस्तू मुळात काय करते, हे आधी समजून घेऊ. आम्ही शिकलो वाणिज्य शाखेत, पोट भरतो कारकुनीवर. पण अँटेनाचे शास्त्र जसजसे वाचत गेलो तसतसे ते आम्हांस ओळखीचेच वाटू लागले. ते सगळे जमाखर्चाचे शास्त्र आहे. एका खात्यात काही जमा करायचे तर दुसऱ्या खात्यातून ते काढावेच लागते.

अँटेना शक्ती निर्माण करत नाही

पहिली गोष्ट ही लक्षात ठेवावी. घरातला कंदील घ्या. तो चारी बाजूंना सारखा उजेड देतो. त्याच्या मागे चकचकीत ताटली धरली की समोरची भिंत जास्त उजळते आणि पाठीमागे अंधार पडतो. तेल तेवढेच जळते, वातही तीच. वाढ झाली ती फक्त वाटणीत. मागच्या वाट्याचा उजेड पुढे आला.

दिशादर्शी अँटेना हेच करते. समोरच्या दिशेने ती दहा पट बळकट असेल, तर इतर दिशांचा वाटा तिने तेवढा कमी केलेला असतो. या दहा पटीला अभियंते 'लाभ' म्हणतात. शब्द व्यापाराचा आहे, पण हा लाभ नवी कमाई नव्हे. संदेश पाठवताना जी दिशा बळकट, तीच घेतानाही बळकट असते. जी अँटेना एका बाजूला मोठ्याने बोलते, ती त्याच बाजूचे चांगले ऐकते.

यातून पहिला सौदा निघतो. लाभ जितका मोठा, तितकी नजर अरुंद. दूरचे ऐकू येईल, पण नेम अचूक धरावा लागेल. नेम थोडा ढळला की दूरचे सोडा, जवळचेही ऐकू येत नाही.

गच्चीवरची काठी

आमच्या पिढीचे बालपण ज्या अँटेनाखाली गेले ती आठवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर देशभर प्रक्षेपक वाढले आणि चाळींच्या पत्र्यांवर, वाड्यांच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांची ती शिडी उभी राहू लागली. रविवारी सकाळी एक जण वर चढून अँटेना फिरवी, एक जण दारातून ओरडे, "आलं, आलं, आता गेलं!" आज ती शिडी जवळजवळ नाहीशी झाली आहे. दूरदर्शनने जमिनीवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण गेल्या काही वर्षांत बहुतेक ठिकाणी बंद केले.

ती शिडी जपानची. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली ती जगापुढे मांडली. म्हणून तिचे नाव यागी-उदा अँटेना. तिच्यातली केबलला जोडलेली काडी एकच असते. बाकीच्या काड्यांना तार जोडलेलीच नसते. मागची काडी किंचित लांब असते, ती लहर परतवते. पुढच्या काड्या किंचित आखूड असतात, त्या लहर पुढे ओढतात. तारेविना, बॅटरीविना, केवळ लांबी आणि अंतर यांच्या हिशेबावर ही शिडी एका दिशेला कान देते.

काड्यांची लांबी लहरीवरून ठरते. मुख्य काडी साधारण अर्ध्या लहरीएवढी. टीव्हीच्या पहिल्या पट्ट्यात, म्हणजे ४७ ते ६८ मेगाहर्ट्झमध्ये, पूर्ण लहर साडेचार ते साडेसहा मीटरची असते. म्हणून त्या काड्या दोन-तीन मीटर लांब असत आणि कावळ्यांना ऐसपैस बसता येई.

आता सौद्याचा भाग. तीन काड्यांची नीट बांधलेली यागी, सर्व दिशांना सारखे ऐकणाऱ्या कल्पित अँटेनाच्या मानाने, समोरून सुमारे पाच पट ऐकते. मग सहा काड्या लावल्या तर दहा पट, बारा लावल्या तर वीस पट? तसे होत नाही. लाभ दुप्पट करायचा तर शिडीची लांबी दुपटीहून थोडी अधिकच वाढवावी लागते. पहिल्या काड्यांचे मोल मोठे, पुढच्या प्रत्येक काडीचे कमी. ॲल्युमिनियमचा भाव मात्र प्रत्येक काडीला सारखाच. शिवाय लांब शिडीला वारा धरतो, खांब वाकतो, ताण द्यावे लागतात. पावसाळ्यात वादळी वाऱ्याने कोणाची शिडी आधी मोडे, हे जुन्या लोकांना सांगायला नको.

दुसरा सौदा पट्ट्याचा. यागी एका ठराविक लहरीसाठी घट्ट बसवली की त्या लहरीवर ती उत्तम चालते. शेजारच्या लहरीवर गेलात की तिचा लाभ पडतो. सर्व चॅनेलवर बरी चालावी असे वाटत असेल तर कोणत्याही एका चॅनेलवर ती उत्कृष्ट राहणार नाही.

तिसरा सौदा पाठीचा. समोरून जास्तीत जास्त ऐकणारी मांडणी पाठीमागून कमीत कमी ऐकते असे नाही. पाठीमागे गोंगाट करणारा कारखाना असेल तर समोरचा लाभ थोडा सोडून पाठ बंद करणे शहाणपणाचे ठरते.

म्हणजे लाभ, पट्ट्याची रुंदी आणि पाठ बंद ठेवणे, अशी ही तीन खाती. तिन्ही एकाच वेळी भरत नाहीत. कोणते भरायचे हे अँटेना कुठे लावायची आहे आणि काय ऐकायचे आहे, यावर ठरते. बाजारातली सर्वांत महाग अँटेना सर्वांत चांगली, हा समज म्हणूनच खोटा आहे.

घरची छोटी ताटली

आज आपल्या वस्त्यांत भिंतीला दिसते ती डिश. तिच्याकडे येणारी लहर अवघी अडीच सेंटिमीटरची आहे. लहर आखूड झाली की लहान अँटेनाही अरुंद नजरेची होते. नियम सोपा आहे. नजरेची रुंदी अंशांत काढायची तर लहरीच्या लांबीला ताटलीच्या व्यासाने भागावे आणि साधारण ७० ने गुणावे. ६० सेंटिमीटरच्या ताटलीची नजर त्या हिशेबाने सुमारे तीन अंशांची होते. आकाशातला पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणजे सहा चंद्र ओळीने मांडावेत एवढीच तिची नजर, आणि तिला ३६,००० किलोमीटरवरचा उपग्रह धरून ठेवायचा आहे. नाशिकच्या या ताटल्या आग्नेयेच्या बाजूस तोंड करून असतात, त्याचे कारण हेच. ज्या उपग्रहांवरून आपल्याकडचे कार्यक्रम येतात ते विषुववृत्ताच्या वर, आपल्यापेक्षा पूर्वेला आहेत.

मोठी ताटली का लावत नाहीत? लावतात. ९० सेंटिमीटरची ताटली सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, म्हणून मुसळधार पावसात चित्र टिकते. पण तिच्यावर वाऱ्याचा जोरही सव्वादोन पट पडतो आणि नजर दोन अंशांवर येते, म्हणजे नेम अधिक कडक. उलट फार लहान ताटली लावली तर तिच्या रुंद नजरेत शेजारचा उपग्रहही येऊ लागतो. ६० सेंटिमीटर हा आकडा कोणी हौसेने ठरवलेला नाही, तो या ओढाताणीतून निघालेला आहे.

ऊटीचा डोंगर, खोडदची जाळी

आता मोठ्या अँटेनांकडे येऊ. आपल्या देशात हे काम उभे केले ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ऑस्ट्रेलियाने आपले काम संपल्यावर दिलेल्या ३२ लहान ताटल्या त्यांनी १९६५ च्या सुमारास आपल्या कल्याण येथे उभ्या केल्या आणि त्यांच्या साहाय्याने सूर्याचा अभ्यास सुरू केला. दुसऱ्यांच्या जुन्या वस्तूंतून नवी प्रयोगशाळा!

पुढचे पाऊल ऊटीचे. मोठी ताटली दोन अक्षांवर फिरवणे फार खर्चाचे. स्वरूप यांनी गोल ताटलीच सोडली आणि ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद अशी लांबट पन्हाळीसारखी अँटेना घेतली. ऊटीचे अक्षांश सुमारे ११ अंश. तेथे जवळपास तेवढ्याच उताराचा डोंगर त्यांनी शोधला आणि त्या उतारावर पन्हाळ उत्तर-दक्षिण निजवली. त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. मग पन्हाळ फक्त एका अक्षावर फिरवली की तारा कित्येक तास नजरेत राहतो. यंत्राचा एक मोठा खर्च डोंगराने उचलला. ही दुर्बीण १९७० साली तयार झाली. अर्थात येथेही खर्चाची बाजू आहेच. ती मुख्यतः एकाच लहरीसाठी, सुमारे ३२७ मेगाहर्ट्झसाठी बांधलेली आहे.

मग आले खोडद. जुन्नर तालुक्यातले हे गाव नारायणगावाजवळ आहे. १९८० च्या दशकात कल्पना निघाली, १९९० च्या दशकात उभारणी झाली. ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या. एकेका ताटलीचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सोळा गुंठे!

एवढी ताटली भरीव पत्र्याची केली तर वारा तिला जहाजाच्या शिडासारखी ढकलील. ती पेलायला इतके लोखंड लागेल की एका ताटलीच्या खर्चातच पैसा संपेल. येथे लहरीचे ज्ञान उपयोगी पडले. खोडदला जी लहर ऐकायची ती सर्वांत आखूड असली तरी सुमारे २१ सेंटिमीटरची. भोके तिच्या मानाने बारीक असली की लहरीला जाळी पत्र्यासारखीच वाटते. चाळणीतून पीठ जाते, गहू जात नाही, त्यातलाच प्रकार. म्हणून तेथे बारीक पोलादी तारेची जाळी लावली आहे. मध्यभागी भोके १० मिलिमीटरची, पुढे १५ ची, कडेला २० ची. तार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. ही जाळी ताणलेल्या दोरांवर बसवून तिला ताटलीचा आकार दिला आहे. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आटोक्यात राहिला.

याची किंमत काय मोजली? सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या आखूड लहरी या ताटल्यांना ऐकूच येत नाहीत, त्या जाळीतून आरपार जातात. बर्फ पडणाऱ्या देशात ही रचना चालली नसती, बर्फ जाळीवर साचला असता. म्हणजे आपल्या हवेला, आपल्या पैशाला आणि आपण निवडलेल्या लहरीला जुळेल अशी ही अँटेना आहे. परदेशातील नमुना जसाच्या तसा उचलला नाही, हेच तिचे मोठेपण.

आणखी एक हिशेब पाहा. एका ४५ मीटरच्या ताटलीची नजर २१ सेंटिमीटरच्या लहरीला सुमारे एक तृतीयांश अंशाची आणि दोन मीटरच्या लहरीला तीन अंशांची. आकाशातला बारकावा पाहायला ही फारच ढोबळ आहे. बारकाव्यासाठी २५ किलोमीटर व्यासाची ताटली हवी. ती कोण बांधणार? त्याऐवजी ३० ताटल्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या. १४ एका चौरसात जवळजवळ आणि १६ तीन फाट्यांवर दूर दूर. जवळच्या ताटल्या पसरट वस्तू पाहतात, दूरच्या ताटल्या बारकावा पाहतात. तीसांतील प्रत्येक दोघींची जोडी लावली की ४३५ जोड्या होतात आणि गणकयंत्र त्या साऱ्यांचा मेळ घालते. यातही खर्च आहे. बारकावा २५ किलोमीटरच्या ताटलीचा मिळतो, पण गोळा होणारी शक्ती मात्र ३० ताटल्यांपुरतीच.

आता रेल्वेचा प्रश्न

येथवर आलात तर मुलांच्या प्रश्नाचे उत्तर आता अवघड नाही. कोणतीही अँटेना फक्त समोरूनच ऐकते असे कधी होत नाही. मुख्य नजरेच्या आजूबाजूला लहान लहान नजरा असतात. त्यांना बाजूच्या पाकळ्या म्हणतात. फुलाची एक पाकळी फार मोठी आणि सभोवती बारीक पाकळ्यांचे कडे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. या बारीक पाकळ्या कमी करता येतात. ताटलीच्या कडेचा भाग मुद्दाम कमी वापरला की त्या दबतात, पण मग ताटलीचे काही क्षेत्र वाया जाते आणि मुख्य नजर थोडी रुंद होते. पुन्हा जमाखर्च! शिवाय ताटलीपुढे मध्यभागी ग्राहक धरून ठेवणारे खांब असतात, तेही लहरी इकडे तिकडे उधळतात. पाकळ्या शून्यावर कधीच येत नाहीत.

खोडदची ताटली समोरून हजारो पट, आखूड लहरीला तर लाखावर पट ऐकते. बाजूने आणि पाठीमागून ती साध्या अँटेनाएवढे, म्हणजे एक पट किंवा त्याहूनही कमी ऐकते. ऐकायला वाटते की हे पुरे झाले. पण समोरून येते काय ते पाहा. अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनची कुजबुज. आपल्या खिशातला एक मोबाईल चंद्रावर नेऊन चालू केला, तर खोडदच्या ताटल्यांना तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक दिसेल, एवढी ती कुजबुज क्षीण असते. आणि गाडी चंद्रावरून नव्हे, काही किलोमीटरवरून जाणार. विजेच्या गाडीचा वरच्या तारेशी घासणारा सांगाडा ठिणग्या पाडतो, इंजिनातली विद्युत यंत्रणा लहरी सोडते, गाडीची बिनतारी यंत्रणा बोलते आणि शेकडो प्रवाशांचे मोबाईल टॉवर शोधत असतात. ताटली आकाशाकडे तोंड करून असली तरी हा गोंगाट बाजूच्या पाकळ्यांतून आत येतो आणि कुजबुज बुडते.

२०१० च्या दशकात या दुर्बिणीची सुधारणा झाली. पूर्वी ती मोजके अरुंद पट्टे ऐके. आता सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंतचा बराचसा भाग रुंद पट्ट्यांनी ऐकते. त्यामुळे क्षमता वाढली, पण रुंद दारातून पाहुण्यांबरोबर धूळही जास्त येते. म्हणून परिसर शांत राहण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

तेव्हा हा बहाणा नाही. हरकत शास्त्राला धरून आहे. आणि त्या शांततेचे फळही देशाला मिळाले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय शियापारेली यानाचे क्षीण संदेश खोडदनेच टिपले. २०२३ साली गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजारवाचे पुरावे जगभरच्या शास्त्रज्ञांनी मांडले, त्यातही खोडदच्या नोंदी होत्या.

खर्च कोणाच्या नावे?

पण आम्ही कारकून माणसे. जमा पाहिली की खर्च कोणाच्या खात्यावर पडला हे विचारणे आमच्या हाडीमांसी खिळले आहे. महारेलने मांडलेला सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा होता. २०२४ व २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी दुर्बिणीचे कारण सांगून शिर्डीकडून जाणाऱ्या मार्गाची बाजू मांडली. त्यावर जुन्नर, संगमनेर, सिन्नर भागातून नाराजी उमटली. ती समजण्यासारखी आहे. खोडद परिसरात उद्योगांवर आधीच निर्बंध आहेत. म्हणजे विज्ञानाच्या जमेच्या खात्यात सारा देश आहे आणि खर्चाच्या खात्यात प्रामुख्याने त्या काही तालुक्यांतला शेतकरी, कांदा-टोमॅटो उत्पादक आणि चाकणला कामास जाणारा तरुण.

आमचे म्हणणे एवढेच. दुर्बीण हलवता येत नाही आणि हलवूही नये. डोंगरांनी वेढलेली, गोंगाटापासून दूर अशी जागा शोधूनच ती तेथे बसवली आहे. पण अँटेनाचे शास्त्रच आपल्याला सांगते की त्रास हा अंतर, आडोसा आणि लहर या तिन्हींवर अवलंबून असतो. डोंगराआडून नेलेला रस्ता आणि उघड्या माळावरून नेलेला रस्ता, दुर्बिणीच्या लेखी सारखे नाहीत. त्यामुळे दुर्बीण किंवा रेल्वे असा एकच प्रश्न न करता, कोणत्या आडोशाने, किती अंतरावरून, किती गोंगाट, याचे मोजलेले आकडे लोकांपुढे साध्या मराठीत यावेत. आकडे पाहून मार्ग नाकारला गेला तर लोक तो निर्णय पचवतील. आकडेच दाखवले नाहीत तर तोच निर्णय त्यांना अन्याय वाटेल. आणि ज्या तालुक्यांच्या नावे खर्च पडतो त्यांना एसटी, रस्ते, शिक्षण या रूपाने त्याची भरपाई मिळाली पाहिजे. जमाखर्च जुळला पाहिजे.

पालकांना एक विनंती. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विद्यार्थ्यांचे प्रदर्शन भरत आले आहे. तारीख आधी विचारून घ्यावी आणि चार-पाच घरांनी मिळून गाडी करून मुलामुलींना न्यावे. नाशिकहून एका दिवसात जाऊन येणे होते. जाताना खिशातले मोबाईल बंद ठेवावेत. का, ते मुले आता तुम्हांला सांगतील. आयटीआयत वायरमनचे काम शिकणारा मुलगा असो की विज्ञान शाखेतली मुलगी, तारेच्या जाळीतून आकाश ऐकणारी ती ताटली एकदा त्यांनी जवळून पाहावी. भरीव पत्रा परवडत नव्हता म्हणून आपल्या माणसांनी काम थांबवले नाही. पत्रा खरोखर लागतो का, हे त्यांनी आधी मोजले, आणि मोजल्यावर उत्तर निघाले की जाळी पुरेशी आहे.